दोन मुठी मैदा

ही गोष्ट सांगायचं मी आजवर टाळत आलो. दिवाळी जवळ आली की मनात यायचं, यंदा सांगून टाकू. मग भाऊबीज व्हायची, आकाशकंदील उतरायचा आणि मी स्वतःची समजूत घालायचो, आता कशाला सणानंतर लोकांची मनं कडू करा. असं करता करता जिला सांगायचं होतं ती राहिली नाही. मी ब्याऐंशीचा झालो. आज लिहायला बसलो ते धाडस आलं म्हणून नाही. मला रागावू शकतील अशी माणसंच आता फारशी उरली नाहीत, म्हणून बसलो. एवढं खरं आधीच सांगितलेलं बरं.

निमित्त आमच्या नातसुनेचं, ऋताचं. गेल्या आठवड्यात तिनं ओव्हनमध्ये बिस्किटं केली. तांदळाचं पीठ, ज्वारीचं पीठ, लोणी, गूळ. "आजोबा, ग्लूटेन-फ्री आहेत, चव बघा," म्हणत बशी पुढे केली. मी एक उचललं तर निम्मं बोटात आलं, निम्मं बशीतच राहिलं. ती हसली. "मोडलं का? पुढच्या घाण्याला इसबगोल घालून बघते, म्हणजे धरतील." आणि तो चुरा दुधात टाकून तिनं उभ्या उभ्या खाऊन टाकला. मोडलं तर मोडलं, दुसरं करू, इतकं सोपं असतं ते. मी बशी घेऊन तसाच बसून राहिलो. तांदळाचं पीठ भाजल्याचा वास गव्हासारखा अंगावर येत नाही. झोडणी झाल्यावर उन्हात तापलेल्या खळ्याला येतो तसा तो असतो, कोरडा, थोडा गोडसर. त्या वासात मला कर्जतचं आमचं परसू दिसलं, आणि निखाऱ्यांवर वाकलेली वहिनी.

माझा थोरला भाऊ, दादा, घरची भातशेती बघायचा. मी रेल्वेत फिटर होतो. घाट चढणाऱ्या गाड्यांना कर्जतला मागून इंजिनं जोडत, त्यांच्या दुरुस्तीचं काम. आमच्याकडे जेवण म्हणजे भात, भाकरी म्हणजे तांदळाची. गहू हे पाहुण्याचं अन्न. पोळी लाटली की समजायचं, कोणीतरी आलं आहे. नोकरी लागली तशी मी रोज संध्याकाळी बेकरीतून काहीतरी आणायला लागलो, कधी खारी, कधी बटर, कधी कागदात बांधलेली नानखटाई. घरात गहू येतोय याचा मला अभिमान होता. दादाची मुलगी नलू तेव्हा दोन वर्षांची. मांडीवर बसून माझ्या हातानं बिस्किट खायची, चहात बुडवून. तिच्या पोटात पहिल्यांदा गहू मी घातला, तो न कळता.

तिचं पोट फुगायला लागलं. हातपाय काड्या, पोट मात्र घागरीसारखं. जुलाब थांबत नसत. आईनं दृष्ट काढली, वैद्याचे काढे झाले, कर्जतच्या डॉक्टरांची इंजेक्शनं झाली. चौथ्या वर्षी दादा-वहिनी तिला मुंबईला मुलांच्या मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिथे पंधरा दिवस ठेवून घेतलं. निदान एका ओळीचं होतं: हिला गहू चालत नाही. रवा नाही, मैदा नाही, शेवया नाहीत. किती दिवस, असं दादानं विचारलं. आयुष्यभर, डॉक्टर म्हणाले.

गहू बंद झाला आणि पोर दोन महिन्यांत भरली. गालांवर रंग आला. भाताच्या गावात जन्मली हे तिचं नशीबच म्हणायचं. पण दिवाळीला भाताचं गावही आपलं राहत नाही. करंजी मैद्याची, शंकरपाळे मैद्याचे, लाडू रव्याचा. शेजारपाजारून फराळाची ताटं यायची आणि नलू लाह्यांची वाटी घेऊन ओटीवर बसायची. एका दिवाळीला तिनं शेजारच्या ताटातली करंजी उचलून खाल्ली आणि आठ दिवस अंथरुणाला खिळली. तेव्हापासून तिला सवय लागली. ताटात काहीही पडलं की आईकडे बघून विचारायची, "हे माझं?" वहिनी म्हणायची, "तुझं." मग ती खायची. दुसऱ्या कोणी सांगितलेलं तिला चालत नसे. पाच-सहा वर्षांच्या मुलीचा सगळा जीव त्या एका शब्दावर होता.

ज्या मोसमाबद्दल लिहायचं आहे तो नलूच्या सातव्या वर्षाचा. दसरा होऊन गेला होता. भातं पिवळी पडून वाकली होती, दुपारी ऊन चटका देई आणि सकाळी नदीकडून धुकं वर चढे. दादा दिवसभर कापणीवर. वहिनीनं एके दिवशी मला परसात बोलावलं आणि विचारलं, "भावजी, तुम्हाला पत्र्याचं काम येतं ना? मला एक भट्टी करून द्या. लहानशी."

"कशाला?"

"नलूला नानखटाई करायची आहे."

मी रॉकेलचा रिकामा डबा आडवा कापला, आत वाळूचा थर घातला, वर खोलगट झाकण बसवलं. खाली चूल, झाकणावर निखारे. पुढचे बारा-पंधरा दिवस त्या डब्याभोवती आम्ही जे केलं त्याला आज ऋता प्रयोग म्हणेल. आम्ही खटपट म्हणायचो.

वहिनी घाटावरची, मावळातली. तांदळाशी तिची ओळख लग्नानंतरची. आई तेवढ्यावरून तिला टोमणे मारायची संधी सोडत नसे. "तांदळाची भाकरी थापाय हिला दोन वर्सं लागली, नि आता परसात बेकरी काढतेय." पहिल्या दिवशीच्या नानखटाया पसरून पोळीएवढ्या झाल्या. आईनं एक उचलून उन्हाकडे धरली. "शेणी बऱ्या झाल्यात गं मालते. वाळल्या की बंबात जळतील झकास." दुसऱ्या खेपेला वहिनीनं तूप कमी केलं, तर त्या अशा कडक झाल्या की दादा एक चावला आणि दाढ धरून बसला. मग नाचणी घातली. रंग आला, वास आला, पण हात लावताच भुगा. केळं कुस्करून घातलं, त्याचा झाला शिरा. एकदा साबुदाण्याचं पीठ घातलं, ते रबरासारखं ताणलं आणि मी म्हटलं, "वहिनी, ही नानखटाई इंजिनाला वॉशर म्हणून बसवतो." ती इतकी हसली की निखारा पायावर पडला.

नाचणी आणायची ठाकरवाडीची बुधीबाय, डोक्यावर पाटी घेऊन. वहिनी तिची उलटतपासणी घ्यायची. ह्यात गहू नाही ना मिसळला? पोत्यात आधी काय होतं? बुधीबाय वैतागून म्हणायची, "बाय, माझं रान डोंगराच्या उतारावर. तिथं मलाच उभं राहाय जागा नाय, गहू कुठं उभा राहील?" तरी वहिनी नाचणी तीनदा निवडायची. पीठ गिरणीत देत नसे. गिरणीच्या दगडात गहू असतो म्हणायची. तांदूळ आणि नाचणी दोन्ही घरच्या जात्यावर. तिच्या तळहाताला घट्टे पडले होते. ही काळजी कशी होती ते मी मुद्दाम लिहितो आहे, कारण पुढे ज्या हातांनी ती वाया घालवली ते हात माझे.

शेवटी उपाय सापडला तो आईलाच. ओटीवर बसून ती आमची फजिती बघत होती. म्हणाली, "अगं, तांदूळ हाय तो. गव्हासारखा ताणंल व्हय? त्याला आधी उकड दे. शिजला की चिकाट होतो. मोदक कसा करतात?" वहिनी जागची उठली. थोडं पीठ बाजूला काढून उकळत्या पाण्यात तिनं त्याची उकड केली आणि ती गरम असतानाच तुपासाखरेत फेटलेल्या कोरड्या पिठात मळली. गोळे वळले, धरले. डब्यातून निघाले तेव्हा वरून भेगाळलेले, कडेनं सोनेरी. वहिनीनं एक बोटांत धरून वर उचलली. अखंड. नलूनं आईकडे बघितलं. "हे माझं?" "तुझं." तिनं पूर्ण खाल्ली आणि म्हणाली, "बेकरीतल्यासारखी लागते." बेकरीतली चव तिला आठवत होती, तीन वर्षांनी. मी तोंड फिरवलं.

आता वहिनीला त्याहून मोठं हवं होतं. ती म्हणाली, "यंदा एकच डबा करायचा. नलूचा वेगळा नाही. शेजारच्यांच्या ताटात जी नानखटाई जाईल तीच माझ्या पोरीच्या ताटात. तिला विचारायची वेळच येऊ नये." पण आमच्या डब्यात एका वेळी आठ बसत. दोन-तीनशे करायच्या तर बेकरीची भट्टी हवी.

आमच्याकडे तेव्हा रीतच होती. दिवाळीच्या आधी बायका-पुरुष पिठाचे डबे घेऊन बाजारातल्या बेकरीत जायचे, तिथेच गोळे वळून ताटात लावायचे आणि बेकरीवाला आपल्या भट्टीत भाजून द्यायचा. सकाळपासून रांग लागायची. उस्मानचाचांची भट्टी. वहिनीनं त्यांना आधीच सांगून ठेवलं होतं की आमचं सर्वांत आधी; मैद्याला हात लागायच्या आत व्हावं हे तिच्या मनात. भट्टीसाठी मी नवे पत्रे कापून ताटं केली. ती नलूनं स्वतः राखेनं घासली.

आदल्या संध्याकाळी वहिनीनं सगळं कोरडं पीठ तुपासाखरेत फेटून मोठ्या डब्यात भरलं. सकाळी बेकरीत तीच जाणार होती. पण पहाटे ती मागच्या खोलीत बाजूला बसलेली दिसली. आई म्हणाली, "आली तिची अडचण. वसंता, तूच जा रं आता." त्या काळी चार दिवस बाईनं कशाला शिवायचं नसे; दिवाळी असो की काही. वहिनीनं दाराआडून मला सगळं तीन-तीनदा सांगितलं. "आईंनी उकड करून दिली आहे. टोप गोधडीत गुंडाळलाय. भावजी, बाकी काही चुकलं तरी चालेल, पण उकड गरम असतानाच मळा. थंड झाली की धरणार नाही. आणि आपल्या ताटांशिवाय कुठे ठेवू नका."

"वहिनी, मी इंजिनं उघडतो आणि बसवतो," मी म्हणालो. "हे काय पीठ."

बेकरीकडे जाताना स्टेशनच्या चहाच्या दुकानाशी इंजिन-शेडमधल्या सोबत्यांनी हाक मारली. आमच्या बढतीच्या परीक्षेचा, ट्रेड टेस्टचा, निकाल लागला होता. मी पास झालो होतो. त्यांनी खांदे थोपटले, चहा पाजला, कोण राहिला, कोणाची बदली होणार, बोलणं वाढलं. पिठाचा डबा आणि गोधडीतला टोप बाकावर ठेवून मी एक चहा घेतला, मग दुसरा. पाऊण तास गेला असेल. मी पास झालो होतो.

बेकरीत रांग लागली होती आणि आमचा नंबर निघून गेला होता. फळीवर मैदा सांडलेला. मी कोपऱ्यात आमचं ताट मांडलं, उकड काढली. ती थंडगार झाली होती, वर साय धरावी तशी खपली. मळायला घेतली तर गुठळ्या. गोळा वळावा तर बोटांतून भुगा ओघळे. मागे रांगेतले सावंत, आमचे शेजारी, मोठ्यानं म्हणाले, "काय रं वसंता, नानखटाई वळतोस का भिंतीला गिलावा करतोस?" बायका हसल्या. एक म्हणाली, "फिटर हायेत ते, पान्यानं आवळतील." मीही हसलो. कानशिलं तापली होती.

उस्मानचाचा लांब दांड्याचं फावडं टेकवून उभे होते. त्यांनी पिठाला बोट लावलं. "मास्टर, ये नाय धरनार. जान नाय याच्यात. दो मुठी मैदा डाल, मग बघ कशी बसते." त्यांना नलूचं काही माहीत नव्हतं. वहिनीनं फक्त 'आमचं आधी' एवढंच सांगितलं होतं. माहीत मला होतं. त्या क्षणी मी 'नको' म्हणू शकत होतो, डबा उचलून घरी जाऊ शकत होतो. घरी जाऊन सांगावं लागलं असतं की उकड मी थंड केली. बारा-पंधरा दिवसांची खटपट मी चहावर घालवली. मी मान हलवली. चाचांनी मूठभर मैदा टाकला. मी म्हणालो, "अजून एक." दुसरी मूठ मी स्वतः घातली.

एवढ्याशानं काय होतंय, असं मी मनाशी म्हटलं. हे वाक्य मी नंतर हजारदा उकरून पाहिलं आहे. त्याच्या खाली काहीच नाही.

नानखटाया सुरेख झाल्या. एकसारख्या, गोल, माथ्यावर भेग. सावंतांनी एक मागून खाल्ली आणि वाहवा केली. घरी आईनं डबा उघडून बघितला नि पहिल्यांदाच टोमणा मारला नाही. वहिनीनं दारातूनच मान उंच करून बघितलं. तिला शिवता येत नव्हतं. तिनं एक हातात घेतली असती, बोटांनी दाबली असती, तर तिला कळलं असतं, याबद्दल मला शंका नाही. "फुलल्यात छान," ती म्हणाली. "तुमचे उपकार झाले भावजी."

नरक चतुर्दशीच्या सकाळी आईनं पानं मांडली. नवं परकर-पोलकं, कपाळाला उटण्याचा पिवळा पट्टा राहिलेला, अशी नलू पाटावर बसली. नानखटाई हातात घेऊन तिनं मागच्या खोलीच्या दाराकडे बघितलं. "आई, हे माझं?"

"तुझं," वहिनी दाराआडून म्हणाली. "तुझं नि सगळ्यांचं."

मी समोर बसलो होतो. "एकच खा गं, पोट दुखेल," एवढंच मी म्हणालो. तिनं चार खाल्ल्या.

एक दिवस घडलं असतं तर मी त्याला चूक म्हटलं असतं. पण डबा मोठा होता आणि पोरीला पहिल्यांदाच मोकळीक मिळाली होती. ती येता-जाता खायची, रोज. मी रोज बघत होतो. डबा लवकर संपावा म्हणून मी स्वतः मुठी भरभरून खायला लागलो. नको असताना खायचो, ड्यूटीवर घेऊन जायचो, वाटेत कुत्र्यांना घालायचो. वहिनी आईला म्हणाली, "भावजींना किती आवडल्यात बघा." चौथ्या दिवशी न्हाऊन आल्यावर तिनं स्वतः एक तोंडात टाकली. थांबली. "घरच्यापेक्षा वेगळी लागते का हो?" मी म्हणालो, "भट्टीची आच वेगळी, वहिनी." तिला ते पटलं. माझं तिला नेहमीच पटायचं.

तुळशीच्या लग्नाच्या दिवशी नलू उठू शकली नाही. पुन्हा ते फुगलेलं पोट, पुन्हा काड्यांसारखे हात. मुंबईला नेलं, सलाइन लावलं. तेच डॉक्टर. "गहू पोटात गेला आहे, आणि थोडाथोडका नाही, कितीतरी दिवस," ते म्हणाले. वहिनीनं त्यांना एकेक जिन्नस सांगितला, तांदूळ, नाचणी, तूप, साखर. ते म्हणाले, "बाई, तुम्ही म्हणता तसं असेल, पण पोट खोटं बोलत नाही."

घरी तपास झाला. आई म्हणाली, नाचणीत असंल. दादा म्हणाला, साखरेच्या पोत्यात. बुधीबायला दारातून परत पाठवलं. ती रडत गेली आणि पुन्हा आमच्या आळीत आली नाही. उस्मानचाचांना विचारावं असं दादाच्या मनात आलं, तेव्हा मी म्हणालो, "मी स्वतः उभा होतो ना तिथे." त्यावर दादानं विषय सोडला. घरातला शिकलेला, सरकारी नोकरीतला माणूस तिथे उभा होता म्हटल्यावर कोण काय बोलणार.

दवाखान्यातून आल्यावर पहिल्या जेवणाला वहिनीनं तिला मऊ भात कालवून दिला. नलूनं ताटाकडे बघितलं, पण आईला काही विचारलं नाही. वहिनी आपणहून म्हणाली, "तुझं आहे गं बाळ." नलू म्हणाली, "तेव्हापण तू असंच म्हणाली होतीस." आणि मग, अगदी हळू, "फसवलंस तू मला." ताट तसंच राहिलं. संध्याकाळी आईनं, म्हणजे तिच्या आजीनं, भरवल्यावर ती जेवली.

विश्वासघात या शब्दाचा मी पुष्कळ विचार केला आहे. ज्याचा घात होतो त्याला तो करणारा दिसतोच असं नाही. नलूला वाटलं आईनं केला. वहिनीला वाटलं तिच्या हातांनी केला, त्या पिठानं, त्या पद्धतीनं. आणि मी दोघींच्या मध्ये दाराला टेकून उभा होतो, पास झालेला फिटर.

दोन दिवसांनी वहिनीनं तो भट्टीचा डबा वाळू ओतून, पुसून माझ्या हातात दिला. "घेऊन जा भावजी. पत्रा चांगला आहे, कुठेतरी कामाला येईल." त्यानंतर तिनं आयुष्यात कधी नवा पदार्थ केला नाही. भात, आमटी, भाजी. सणाला आई सांगेल तेवढं. मीठही दुसऱ्याला चाखायला लावायची.

नलू तिच्या हातचं खाईना, तेव्हा दादानं ठरवलं, पोरीला कुंभिवलीला ठेवायचं. तिथे आमची बहीण, नलूची आत्या. खालापूरच्या बाजूचं भातकरी घर, गहू दारात येत नसे. पोर जगली पाहिजे एवढंच त्याचं म्हणणं होतं आणि त्यात चूक काही नव्हतं. तिला पोचवायला मीच गेलो, एसटीनं. खिडकीतून कापलेली शेतं दिसत होती, मधूनच एखादी पेंढ्यांची उडवी. नलूनं विचारलं, "काका, आईला माहीत होतं का त्यात गहू होता?"

"नसेल गं," मी म्हणालो.

नसेल. नव्हतं, असंसुद्धा म्हणालो नाही. तेवढा एक शब्द मी पुरा केला असता तरी तिनं पुढे विचारलं असतं, मग कोणाला माहीत होतं? म्हणून मी तो अर्धवट ठेवला. ती खिडकीकडे वळली.

वहिनी महिन्यातून एकदा कुंभिवलीला जायची. सुरुवातीला काही करून न्यायची, ते तसंच परत यायचं. मग ती केळी न्यायला लागली. केळ्यात कोणी काही मिसळू शकत नाही. नलू स्वतः सोलायची, आई समोर बसून बघायची. अशी केळी तिनं किती वर्षं नेली हे मला माहीत आहे, कारण बरेचदा पिशवी उचलून एसटीपर्यंत मी गेलो आहे. नलू तिथेच शिकली, तिथूनच लग्न झालं. लग्नात वहिनी मांडवात पाहुण्यासारखी वावरली. आता नलू साठीची आहे, पुण्याकडे असते. तिच्यासाठी बाजारात आता गव्हाशिवायचं सगळं पाकिटात मिळतं. हा लेख छापून आला की मी तिला पाठवणार आहे. तोंडानं सांगायला मी दोनदा तिच्या घरी गेलो, दोन्ही वेळा तिनं चहा दिला, आणि तो पिऊन परत आलो. नलू, तुझ्या आईनं तुला कधीही फसवलं नाही. ते मी केलं. तुझ्याशी मला बोलता येत नाही, ते निदान इथे लिहिता येतं आहे. पण तुझ्या आईला हे वाचता येणार नाही.

वहिनी गेली ती त्या दिवाळीनंतर पंधराएक वर्षांनी. पोटाचंच दुखणं होतं. शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी दादा औषधं आणायला गेला होता, मी तिच्याजवळ बसलो होतो. नलूला तार केली होती, ती संध्याकाळपर्यंत पोचणार होती. आज सांगायचं असं मी ठरवून आलो होतो. वाटेत शब्द जुळवले होते. वहिनी, मैदा मी घातला. एक मूठ चाचांनी, एक मी. उकड मी थंड केली होती. एवढंच, पुढे-मागे काही न लावता.

मी खुर्ची पुढे ओढली, तर तीच म्हणाली, "भावजी, नलू यायच्या आत एक बोलायचं आहे. ह्यांना सांगायची छाती होत नाही."

"बोला."

"त्या वर्षी, नानखटाईच्या. मी पहाटे बाजूला बसले ना, ते खोटं होतं. मला आदल्या संध्याकाळीच आलं होतं. मी लपवलं." दम लागून ती थांबली. "वाटलं, एवढी खटपट केली, आता शेवटचं पीठ दुसऱ्याच्या हाती कसं देऊ? एका संध्याकाळनं काय होतं? तशा हातांनी सगळं पीठ फेटलं हो मी. तेच माझ्या लेकीला बाधलं. डॉक्टर काही म्हणोत. गहू नव्हताच त्यात, मला माहीत आहे ना. माझाच हात नडला."

मी पाण्याचा पेला पुढे केला, तो तिनं हातानं सारला.

"आणि तुम्ही बिचारे सकाळी ते घेऊन बेकरीत गेलात. ते वाईट तुमच्या हातानं माझ्या पोरीपर्यंत आणलं मी. तुमचा त्यात काही दोष नसताना. इतकी वर्षं तुमच्याकडे बघायची लाज वाटायची." तिनं अंथरुणावरूनच हात जोडले. "मला माफ करा."

माझे शब्द तयार होते. तोंडात होते. त्या वेळी ते बोललो असतो तर तिचे पंधरा वर्षांचे जोडलेले हात सुटले असते, आणि संध्याकाळी नलू आली तेव्हा तिला लेकीकडे मान वर करून बघता आलं असतं. मला तेव्हाही हे कळत होतं. मी तिच्या हातांकडे बघितलं, मग दाराकडे, दादा आला की काय ते.

"जाऊ दे वहिनी," मी म्हणालो. "मी तुम्हाला केव्हाच माफ केलंय."

तिनं डोळे मिटले. "बरं वाटलं बघा," ती म्हणाली.